पाणी म्हणजे एक

हे आपल्या ताज्या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे कसं’ आणि ‘ॲक्च्युअली’ काढून टाकलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. मागच्या वेळी काही जणांनी विचारलं होतं, की इतिहासाच्या पॉडकास्टमध्ये हा माणूस मधेच कॉम्प्युटर का घुसवतो? तर आज पूर्ण भागच कॉम्प्युटरचा आहे. टेक्स्ट एडिटरमध्ये एक छोटंसं पॅकेज बसवण्याची गोष्ट. पण शेवटपर्यंत ऐका. कारण त्या पॅकेजच्या निमित्ताने माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती चूक काही माझ्या एकट्याची नव्हती.

२०२२ ची दिवाळी. मी सुट्टीत चंद्रपूरला घरी आलो होतो. माझा शाळेतला एक दोस्त आता गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे. घरची भाषा गोंडी. तो पेन ड्राइव्ह घेऊन आला. त्यात एक फाइल होती. एका निवृत्त गुरुजींनी कित्येक वर्षं वहीत जमवलेले गोंडी शब्द, समोर मराठी अर्थ. साधारण बाराशे नोंदी. गुरुजी आता राहिले नाहीत, वही पावसात भिजली. उरली ती ही फाइल, कधीतरी गडचिरोलीच्या टायपिंग सेंटरमधून करून घेतलेली.

फाइल उघडली तर सगळीकडे इंग्रजी अक्षरांचा कचरा.

“तू इंजिनिअर आहेस ना बे,” दोस्त म्हणाला, “मंग हे काऊन नाही दिसून राहिलं?”

हे का दिसत नव्हतं, ते सांगायला थोडं मागे जावं लागतं.

गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या, नवे टेबल, नवे टंकलेखक. आणि पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, दिल्लीच्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात आयआयटी कानपूरच्या मंडळींनी देवनागरीत काम करणारा कॉम्प्युटर लोकांसमोर ठेवला. त्याच कामातून जिस्ट तंत्रज्ञान आलं. १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इनस्क्रिप्ट कीबोर्ड ठरवला: डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, सगळ्या भारतीय लिप्यांसाठी एकच मांडणी. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभं राहिलं आणि जिस्टचं काम तिकडे गेलं. १९९१ मध्ये इस्की हे प्रमाण ठरलं, म्हणजे कोणत्या अक्षराला कोणता आकडा ते. आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातली देवनागरी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरच बेतलेली होती.

म्हणजे बघा, कागदावर १९९१ पर्यंत सगळं ठरलेलं होतं. मग दोस्ताची फाइल अशी का?

कारण तालुक्याच्या गावात टायपिंग शिकवलं जायचं ते रेमिंग्टनच्या टाइपरायटरवर. ‘मराठी तीस’ पास, ‘मराठी चाळीस’ पास, मग नोकरीचा अर्ज. ज्यांच्या बोटांत रेमिंग्टन बसलेलं, त्यांना इनस्क्रिप्ट कोण शिकवणार? बाजाराने सोपा उपाय काढला. टाइपरायटरसारखाच चालेल असा फॉन्ट. कृतिदेव हा त्यातला एक. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरीचं चित्र असतं, बास. तुम्ही ‘डी’ दाबता, पडद्यावर ‘क’ दिसतो. पण डिस्कवर ‘डी’च साठवलेला असतो. फॉन्ट आहे तोवर मराठी, फॉन्ट गेला की कचरा.

दोस्ताच्या फाइलमध्ये ‘पाणी’ हा शब्द असा होता: आय, के, टिंब, के, एच. आता गंमत पाहा. यातला पहिला ‘के’ म्हणजे काना. दुसरा ‘के’ म्हणजे ‘ण’ची उभी काठी. टिंब म्हणजे नुसता अर्धा ‘ण्’. एकच अक्षर, दोन कामं. आणि ‘कि’ लिहायचं तर वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर, कारण टाइपरायटरवर हात तसाच चालायचा. युनिकोडमध्ये उलटं: उच्चाराच्या क्रमाने आधी ‘क’, मग वेलांटी. म्हणजे या अक्षराऐवजी ते अक्षर अशी नुसती अदलाबदल करून भागत नाही. आधी लांब जोड्या बदला, मग छोट्या, मग वेलांट्या उचलून पुढे न्या, रफार उचलून मागे न्या.

हे काम मी इमॅक्समध्ये करायचं ठरवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: इमॅक्स हा टेक्स्ट एडिटर आहे, मुळं १९७६ मधली, आणि आज आपण वापरतो ते ग्नू इमॅक्स रिचर्ड स्टॉलमनने १९८५ मध्ये आणलं. माझ्या बरोबरीची पोरं हसतात, की आजोबांचा एडिटर वापरतोस. पण एक कारण आहे. यात मराठी टाइप करायला वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, ऑपरेटिंग सिस्टिमची परवानगी लागत नाही, इंटरनेट लागत नाही. धानोऱ्याच्या पुढे नेटवर्कचा भरवसा धरून काही करायचंच नसतं.

आणि ही सोय कोणी केली, तर जपानी माणसांनी. त्सुकुबा शहरातल्या सरकारी इलेक्ट्रोटेक्निकल प्रयोगशाळेत हान्दा केनइची आणि त्याचे सहकारी ‘म्यूल’ नावाची जोडणी लिहीत होते, म्हणजे इमॅक्सला अनेक भाषा शिकवणारी. त्यांची स्वतःची अडचण खरी होती. हजारो कांजी अक्षरं शंभर बटणांवर कशी बसवायची? म्हणून त्यांनी ‘क्वेल’ नावाचं यंत्र बांधलं: तुम्ही बटणं दाबा, ते नियमांच्या तक्त्यात बघेल आणि त्या जागी दुसरं अक्षर ठेवेल. हान्दा आणि ताकाहाशी नाओतो ही दोन नावं त्या फाइलच्या डोक्यावर आजही आहेत. पण जपानीपाशी ते थांबले नाहीत. तक्ता कोणत्याही लिपीचा असू शकतो. १९९७ मध्ये इमॅक्स २० आलं तेव्हा म्यूल मूळ इमॅक्समध्येच सामील झालं. भारतीय लिप्यांच्या तक्त्यांच्या फाइलवर लेखक म्हणून नाव आहे कावाबाता ताइची. देवनागरी आयट्रान्स, देवनागरी इनस्क्रिप्ट, सगळं त्यात. विंडोजवर देवनागरी नीट आली ती विंडोज २००० पासून, हेही ध्यानात घ्या.

आता प्रत्यक्ष बसवायचं कसं, तेही सांगतो, कारण दोस्ताला मी हेच कागदावर लिहून दिलं.

पहिलं, इमॅक्स २७ किंवा त्यापुढचं घ्या. २०२० च्या या आवृत्तीपासून जोडाक्षरं जुळवण्याचं काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते. त्याआधी ‘र्‍य’सारखी अक्षरं कधी जुळायची, कधी फुटायची.

दुसरं, फॉन्ट. नोटो सान्स देवनागरी पुरतो. फॉन्ट नसेल तर इमॅक्स चौकोनात अक्षराचा क्रमांक दाखवतं. चौकोन दिसला म्हणजे फाइल बिघडली असं समजायचं नाही. अक्षर आहे, फक्त त्याचं चित्र तुमच्या मशीनवर नाही.

तिसरं, इनिट फाइलमध्ये डिफॉल्ट इनपुट मेथड म्हणून ‘देवनागरी-इनस्क्रिप्ट’ लिहून ठेवा. मग कंट्रोल आणि बॅकस्लॅश दाबलं की मराठी, पुन्हा दाबलं की इंग्रजी. कोणतं बटण कुठे हे विसरलात तर कंट्रोल-एच आणि मग मोठा आय. पूर्ण तक्ता समोर येतो.

चौथं, कोणत्याही अक्षराबद्दल शंका आली तर कर्सर त्यावर नेऊन कंट्रोल-यू, कंट्रोल-एक्स आणि बरोबरचं चिन्ह. ते अक्षर कोण, कोणत्या लिपीतलं, कोणत्या फॉन्टमधून आलं, सगळी कुंडली मिळते.

एवढं झाल्यावर मी कृतिदेव सोडवणारा तक्ता लिहिला. दोन रात्री लागल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी फाइलमध्ये मराठी दिसायला लागली. ‘नार: गाव’. ‘पेन: देव’. दोस्ताला फोटो पाठवला, त्याने तीन वेळा नमस्काराचं चित्र पाठवलं.

आणि इथे माझी हुशारी नडली.

रूपांतरात कुठे कुठे चुका राहिल्या होत्या. एखादी मात्रा सुटलेली, एखादा काना जास्त. बाराशे ओळी हाताने तपासायचा कंटाळा आला. मी काय केलं, हन्स्पेल या शुद्धलेखन तपासनीसाचा मराठी शब्दकोश जोडला आणि एक छोटी स्क्रिप्ट लिहिली: जो शब्द कोशात नाही, त्याच्या जागी कोशातला सर्वांत जवळचा शब्द ठेव. फक्त मराठी अर्थाच्या रकान्यावर चालवायची होती. मी ती पूर्ण फाइलवर चालवली. वर वर पाहिलं, सगळं छान मराठी दिसत होतं. पेन ड्राइव्हमध्ये टाकलं.

संक्रांतीनंतर मी दोस्ताच्या गावी गेलो. अंगणात खाट, बाजूला मोहाचं झाड, त्याची आई सुपात तांदूळ निवडत बसलेली. तिला वाचता येत नाही. दोस्ताने लॅपटॉप उघडला आणि मोठ्याने वाचायला लागला. ‘गाव’ला ‘नार’. आईने मान हलवली. ‘देव’ला ‘पेन’. बरोबर. मग आला पाण्याचा शब्द.

“पाणी: एक.”

आई थांबली. “काय म्हणलं?”

“एक, माय. इथं एक लिहिलं आहे.”

ती एवढी हसली की सुपातले तांदूळ सांडले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “बाबू, पाण्याले एक म्हणते का कोणी? एर म्हणते. एर.”

गोंडीत पाणी म्हणजे ‘एर’. मराठी कोशात ‘एर’ नाही. सर्वांत जवळचा शब्द ‘एक’. माझ्या स्क्रिप्टने शांतपणे सुधारणा केली होती. ‘नार’ वाचला, कारण मराठीत नार म्हणजे बाई, कोशात आहे. ‘पेन’ वाचला, कारण लिहायचा पेन कोशात होता. म्हणजे जे गोंडी शब्द वाचले ते मराठीसारखे दिसत होते म्हणून वाचले. बाकीचे मराठी झाले.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बसून आम्ही तिघांनी फाइल मूळ प्रतीशी लावून पाहिली. नशीब की मूळ कृतिदेवची प्रत मी पुसली नव्हती. किती तरी शब्द बदललेले निघाले. आई सुरुवातीला हसत होती, नंतर हसेनाशी झाली. एका शब्दापाशी ती नुसतीच गप्प बसली. दोस्त म्हणाला, तो शब्द तिची आई वापरायची, आता कोणी वापरत नाही. तो शब्द मी इथे सांगणार नाही. तिने तसं सांगितलं नाही, पण तो सांगणं माझं काम नाही असं वाटतं.

मला वाईट कशाचं वाटलं? चुकीचं नाही, चुका रोज होतात, आमचा धंदाच तो आहे. वाईट याचं वाटलं की पडद्यावर चूक दिसतच नव्हती. कचरा दिसत होता तेव्हा निदान कळत होतं की काहीतरी अडलंय. आता स्वच्छ, शुद्ध, सुबक मराठी दिसत होती. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे २९.८ लाख लोक आहेत. भाषा आठव्या परिशिष्टात नाही. धानोरा तालुक्यातल्याच मोहगावात ग्रामसभेने गोंडी माध्यमाची शाळा काढली, तर तिच्या मान्यतेचा प्रश्न नागपूर खंडपीठापर्यंत गेला. या भाषेला अडवायला दर वेळी कोणी बंदी घालावी लागते असं नाही. माझ्यासारखा एखादा सज्जन माणूस ‘दुरुस्ती’ करतो तेवढं पुरतं.

परत निघताना दोस्ताने एक गोष्ट मागितली. “देवनागरीचा रकाना राहू दे. पण बाजूला आमच्या लिपीचा रकाना पण पाहिजे.”

आता ‘आमची लिपी’ म्हणजे कोणती, यालाही इतिहास आहे. १९१८ मध्ये बालाघाटच्या मुन्शी मंगल सिंग मसराम यांनी गोंडीसाठी एक लिपी तयार केली. तिला आज मसराम गोंडी म्हणतात. दुसरी लिपी सापडली आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाळा गावात. आमच्या जिवती तालुक्याच्या सीमेपलीकडचाच तो भाग. २००६ च्या सुमारास प्रा. जयधीर तिरुमल राव आणि सहकाऱ्यांच्या हाती तिथली हस्तलिखितं आली. अभ्यासकांनी ती साधारण १७५० च्या आसपासची मानली, आणि त्यांत चंद्रपूरच्या गोंड राजांचेही उल्लेख आहेत. मी चंद्रपूरच्या परकोटाच्या आत-बाहेर खेळत मोठा झालो. गोंड राजांचा किल्ला म्हणून सहली काढल्या. पण त्या राजांबद्दल त्यांच्याच भाषेच्या लिपीत कुठे काही लिहिलेलं असेल, हा विचार बी. टेक. होईपर्यंत डोक्यात आला नव्हता.

मसराम गोंडी युनिकोडमध्ये आली जून २०१७ मध्ये, दहाव्या आवृत्तीत, ७५ चिन्हांसह. गुंजाळा गोंडी आली पुढच्या जूनमध्ये, अकराव्या आवृत्तीत, ६३ चिन्हांसह. मसरामचा प्रस्ताव मांडणारे अंशुमन पांडे यांनीच आपल्या मोडीचाही प्रस्ताव मांडला होता. ती २०१४ मध्ये आली. मसरामसाठी नोटोचा मोफत फॉन्टही आहे. म्हणजे क्रमांक मिळाले, चित्रं मिळाली. पण बटण? माझ्या मशीनवरच्या इमॅक्स २८ मध्ये मसराम गोंडीची इनपुट मेथड नव्हती. घर आहे, दाराला कडी नाही, अशी गत.

मग कडी मी बसवली. खरं सांगतो, फार मोठं काम नाही. क्वेलला सांगायचं, की हे नवं पॅकेज, याचं नाव हे, आणि हे नियम: या बटणाला हे अक्षर. मांडणी इनस्क्रिप्टचीच ठेवली, म्हणजे ज्या बटणावर देवनागरी ‘क’, त्याच बटणावर मसराम ‘क’. एकदा शिकलं की दोन्ही रकाने भरता येतात. मसराम लिपीत क्ष, ज्ञ, त्र यांना स्वतंत्र चिन्हं आहेत. इनस्क्रिप्टच्या आकड्यांच्या ओळीत शिफ्टसोबत ही तिन्ही आहेतच, त्यामुळे जागा शोधावी लागली नाही. जोडाक्षरं जुळेनात, तर त्या लिपीसाठी जुळणीचा एक नियम वेगळा लिहावा लागला.

बसवताना एकदा अडलो, ते सांगतो, कारण तुम्हीही अडाल. नेटवर्क नाही म्हणून पॅकेज पेन ड्राइव्हवर नेलं आणि ‘पॅकेज-इन्स्टॉल-फाइल’ ही आज्ञा दिली. इमॅक्स म्हणालं, फाइलला शेवटची ओळ नाही. मला वाटलं फाइल अर्धीच कॉपी झाली. तसं नव्हतं. पॅकेजची पहिली ओळ नाव आणि एका ओळीत माहिती अशी असावी लागते, व्हर्जनचा क्रमांक असावा लागतो, आणि शेवटी ‘ही फाइल इथे संपते’ असं इंग्रजीत लिहिलेली टीप नसली तर इमॅक्स इशारा देतं. ती ओळ घातली, इशारा गेला.

सुरुवातीच्या ओळींत लेखकाचं नाव टाकायचं असतं. मी माझं टाकलं होतं. दोस्त म्हणाला, “तुझं राहू दे, पण गुरुजींचं पण टाक.” टाकलं.

पहिला शब्द त्याने टाइप केला. दोन बोटांनी, बटणं शोधत शोधत. एर. मग तो आईला दाखवला. तिला देवनागरी वाचता येत नाही, मसरामही नाही. तिने पडद्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, “हे एर आहे? पक्कं?”

“पक्कं, माय.”

“या पोराने पाहिलं का तू पाहिलं?”

“मी पाहिलं.”

“मंग ठीक आहे.”

जुलै २०२३ मध्ये इमॅक्स २९ आलं. त्यात मोडीसह कितीतरी जुन्या-नव्या लिप्यांच्या इनपुट मेथड आल्या. आपल्या मोडीसाठी आता कंट्रोल-बॅकस्लॅश पुरतं. मला आनंद झालाच. पण त्याच वेळी त्या आईचा प्रश्न आठवला. त्सुकुबातल्या माणसांनी यंत्र बांधून ठेवलं, आणि त्यांनी एक गोष्ट फार शहाणपणाची केली: तक्ता रिकामा ठेवला. ज्याची भाषा, त्याने भरावा. यंत्र लांबून येऊ शकतं. पण भरलेला तक्ता बरोबर आहे की नाही, हे सुपात तांदूळ निवडणारी बाईच सांगू शकते.

बाराशे नोंदींपैकी अजून चारशेच्या आसपास तपासून व्हायच्या आहेत. दोस्त दर रविवारी आईसमोर बसतो, मोठ्याने वाचतो. ती ‘हो’ म्हणाली की ओळीपुढे खूण. ‘नाही’ म्हणाली की मला फोन. स्क्रिप्ट कोणतीही चालवत नाही आम्ही.

तुमच्याकडे जुन्या फॉन्टमधली अशी एखादी फाइल असेल, कोणत्याही बोलीतली, तर तीन गोष्टी करा. मूळ प्रत कधीही पुसू नका. शुद्धलेखन तपासनीस बंद ठेवा. आणि ती भाषा बोलणाऱ्या माणसाला शेजारी बसवा.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार, आणि दोस्ताच्या गावच्या पद्धतीने, जय सेवा.